मुलाखतीतला सोपा प्रश्न

आपली मुले संगणक दुरुस्तीच्या नोकरीसाठी मुलाखतीला जातात. ‘इंटरनेट बंद आहे, काय कराल?’ असे विचारताच काही जण एकदम सर्व्हर आणि व्हायरसवर घसरतात अन् हातची नोकरी घालवतात. घड्याळ बंद पडले तर कारागीर आधी सेल पाहतो, मशीन नंतर उघडतो. आम्ही तोच क्रम सुचवतो. आधी विचारा, अडचण एकाच संगणकाला की सर्वांना? मग वायर व दिवे पाहा. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता ठीक असल्यास राउटरला पिंग करा. पुढे ८.८.८.८ कडून उत्तर येते, पण नावाने साइट उघडत नाही, तर संशय डीएनएसवर घ्यावा. सोपे उत्तर देण्यात कमीपणा नाही. मालक तुमची तपासण्याची पद्धतच पाहत असतो.