'ओव्हरलुक'चा वारसा

प्रश्न : 'द शायनिंग'चा उत्तरार्ध 'डॉक्टर स्लीप' मूळ चित्रपटाच्या तोलाचा आहे काय?

उत्तर : तोलाचा नाही, तरी अवश्य पाहावा. दिग्दर्शक कुब्रिक यांच्या १९८० सालच्या 'द शायनिंग' चित्रपटावर मूळ कादंबरीकार स्टीफन किंग यांची नाराजी जगजाहीर होती, आणि कादंबरीत भस्मसात होणारे ओव्हरलुक हॉटेल पडद्यावर मात्र शाबूत राहिले होते. त्यामुळे २०१९ साली दिग्दर्शक माइक फ्लॅनगन यांच्या माथी दोन दावेदारांच्या जुन्या तंट्याचा निवाडाच येऊन पडला. वास्तू कुब्रिकची ठेवून तिला किंगच्या मर्जीप्रमाणे अग्नी देण्याची तडजोड त्यांनी मोठ्या चातुर्याने केली.

'डॉक्टर स्लीप'च्या पूर्वार्धात, 'द शायनिंग'मधला लहान मुलगा डॅनी आता प्रौढ होऊन, व्यसनातून सावरून मरणासन्न रुग्णांच्या उशाशी बसतो, तेथे चित्रपट स्वतंत्र आणि करुणगंभीर होतो. बेसबॉल खेळणाऱ्या बालकाचा वध करून त्याच्या मुखातून निघणारी वाफ हावरेपणाने शोषून घेणारी टोळी तर दुर्बल मनाच्या प्रेक्षकाने न पाहिलेलीच बरी. परंतु कथा हॉटेलात शिरताच जुनी भुते हजेरीपटावर नावे पुकारल्याप्रमाणे एकामागून एक उभी राहतात, आणि भयाची जागा ओळखीचा आनंद घेतो. कुब्रिकला एवढा लवाजमा लागला नव्हता: लहानग्या डॅनीची तीनचाकी लाकडी जमिनीवर खडखडे, गालिच्यावर एकाएकी मुकी होई, आणि तेवढ्यानेच प्रेक्षक गारठे.

दिग्दर्शकाची तीन तासांची विस्तृत आवृत्ती उपलब्ध आहे. मिळाल्यास आपण तीच पाहावी.