फिरायला आवडतं, एवढ्यावर भागत नाही

बारावीचा निकाल लागला की माझा फोन दिवसभर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत विचारतो. कॉम्प्युटरला मिळेल का? नसेल तर एआय-डेटा सायन्स? तेही नसेल तर डी. फार्म करून टाकू का, निदान मेडिकल तरी टाकता येईल? शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर. गाव बदलतं, प्रश्न तोच. "पोराला काय आवडतं?" असं विचारलं की पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "आवडीचं काय सर, सत्तर टक्के आहेत."

यंदा जूनमध्ये नरडाण्याला 'बारावीनंतर काय' यावर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम आटोपून भुसावळकडच्या पॅसेंजरची वाट बघत स्टेशनात बसलो, तर कापूस-मिरचीवाले एक गृहस्थ मुलीला घेऊन मागोमाग आले. मुलगी कला शाखेतून बारावी झालेली. तिला लोकांना जपान दाखवायचंय. वडिलांचं म्हणणं एका दमात सांगून झालं: "लोकेसन्या बॅगा उचलाना धंदा शे हाऊ. तुम्हीच समजाडा तिले." गाडी तासभर लेट होती. त्या तासात जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण असा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

कॉम्प्युटरचं आधी उरकतो. शाखा वाईट नाही. पण ज्या पोराला गणिताचा तिटकारा आहे, जो चार वर्षांत एकही प्रोग्रॅम स्वतःहून लिहिणार नाही, त्याला केवळ भाऊबंदांतला कुणी हिंजवडीला आहे म्हणून कर्ज काढून तिथे घालणं म्हणजे नवस बोलणं आहे. फक्त हा नवस देवाला नाही, बँकेला फेडावा लागतो. डी. फार्मचं तेच. गावातल्या एका चौकात किती मेडिकल चालतात ते एकदा पायी फिरून मोजा, मग फॉर्म भरा.

मुलीलाही मी सोडलं नाही. जपानच का, असं विचारलं तर तिने मोबाईलवर साकुराचा, म्हणजे चेरीच्या बहराचा, रील दाखवला. मी म्हटलं, ही फुलं बघायला लोक पैसे भरतात. तुला पैसे मिळतील ते फुलांकडे पाठ करून माणसांकडे बघण्याचे. फिरायला आवडतं म्हणून या धंद्यात आलेली बरीच पोरं वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

मराठी माणसाला जग दाखवण्याचा धंदा मराठी माणसानेच उभा केलाय, हे पालकांच्या लक्षात नसतं. केसरी टूर्स 1984 ची, वीणा वर्ल्ड 2013 ची, आणि त्यांच्याशिवाय पुण्या-मुंबईत छोटे आयोजक आहेत. बसभर माणसांच्या सहलीत बरंच काम बस आणि ठरलेलं जेवण करून टाकतं. दहा-पंधरा जणांचा छोटा ग्रुप मात्र पुष्कळदा आगगाडीने, पायी, स्थानिक हॉटेलांतून फिरतो. तिथे सगळी मदार टूर मॅनेजरवर.

बॅगांचंच घ्या, वडिलांनी विषय काढलाच आहे तर. शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, मधल्या स्टेशनांवर मिनिट-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात पंधरा माणसं चढवायची. ज्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर जाते, तिला तोक्यो-ओसाका मार्गावर जागा आधी राखून ठेवावी लागते. म्हणून शहाणा टूर मॅनेजर आदल्या दिवशीच मोठ्या बॅगा 'ताक्क्युबिन'ने, म्हणजे तिथल्या कुरिअरने, पुढच्या हॉटेलवर रवाना करतो आणि लोकांना एका रात्रीपुरती लहान पिशवी ठेवायला सांगतो. आता खरं काम सुरू होतं. पंधरा खोल्यांची दारं वाजवून विचारायचं: काका, शुगरच्या गोळ्या कुठे ठेवल्या? मोठ्या बॅगेत? काढा आधी. मावशी, पासपोर्ट? चार्जर? कवळीची डबी? एवढं विचारायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी क्योतोचं सोनेरी मंदिर बाजूला राहतं आणि तुम्ही औषधाच्या दुकानात हातवारे करत उभे असता. सांगायचं एवढंच की बॅग उचलणारा वेगळा. बॅगेत काय आहे हे पंधरा जणांचं लक्षात ठेवणारा तो टूर मॅनेजर.

जेवणाची कथा याहून नाजूक. जपानी रश्शाचा पाया 'दाशी' असतो, आणि दाशी बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा. मिसो सूपमध्ये तो असतो, भाजी शिजते त्या पाण्यात असतो, नूडल्सच्या सारात असतो. "मासा नको" म्हटलं की वाढणारा मनापासून मान हलवतो आणि दाशीतलीच भाजी आणून ठेवतो. तो फसवत नाही. त्याच्या लेखी तो मासाच नाही. इथे इंग्रजी लुळी पडते. दाशीचं नाव घेऊन, नम्रपणे, त्याच्या भाषेत विचारावं लागतं. ग्रुपमधल्या जैन कुटुंबाला काय चालेल, हे हॉटेलला पंधरा दिवस आधी कळवावं लागतं. कोयासानच्या डोंगरावर बौद्ध मठांतलं 'शोजिन र्‍योरी' मिळतं, ते मात्र नेमाने शाकाहारी. मराठी मंडळींना कोयासानला न्यायला आणखी एक कारण आहे: तिथल्या विद्यापीठात 2015 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे.

आता ऋतू. वडिलांनी हा भाग सगळ्यात लक्ष देऊन ऐकला, कारण लहरी हवामानावर पोट असणं म्हणजे काय ते शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. तोक्योत यासुकुनी मंदिराच्या आवारात साकुराचं एक नमुन्याचं झाड ठरलेलं आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं आणि साधारण आठवड्याभरात झाड भरून येतं. 2023 मध्ये ही घोषणा 14 मार्चला झाली, 2024 मध्ये 29 मार्चला. पंधरा दिवसांचा फरक! सहलीच्या तारखा मात्र सहा-सहा महिने आधी विकलेल्या. फुलं नसली की माणसं टूर मॅनेजरच्या तोंडाकडे बघतात, जणू त्यानेच झाडाला पाणी घातलं नाही. अशा वेळी कुठलं गाव थंड, कुठल्या जातीचं झाड आधी फुलतं, कोणती बाग उंचावर, हे ज्याच्या डोक्यात असतं तो दिवस वाचवतो.

मार्चअखेरीस आपल्याकडे परीक्षा. म्हणून पोराबाळांची कुटुंबं एप्रिल-मेमध्ये निघतात, आणि तेव्हा तातेयामा-कुरोबेच्या घाटात बर्फाच्या भिंतींमधून रस्ता खुला झालेला असतो. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथलाही पावसाळा, पुढे सप्टेंबरपर्यंत वादळांची धास्ती. दिवाळीच्या सुट्टीत निक्कोची पानं लाल होतात, पण क्योतोची बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. जाहिरातीतलं क्योतो दिवाळीला दिसेलच असं नाही, हे पैसे घेण्याआधी सांगणारा आयोजक चांगला समजा. फेब्रुवारीत साप्पोरोचा बर्फोत्सव. मधल्या रिकाम्या महिन्यांत याच टूर मॅनेजर मुलांना लडाख किंवा केरळ करावं लागतं. बाराही महिने जपान करून पोट भरणारी माणसं थोडी, आणि पहिली काही वर्षं पगार घरी सांगताना जीभ अडखळेल इतकाच असतो. 2020 मध्ये तर जपानने पर्यटकांना दारच बंद केलं होतं. जून 2022 मध्ये ते किलकिलं झालं, तेही फक्त सोबत मार्गदर्शक असलेल्या गटांसाठी. एकट्या-दुकट्या पर्यटकाला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. या धंद्याचा धोका आणि त्याची गरज, दोन्ही एवढ्यात कळतात.

भाषेबद्दल खानदेशातल्या पोरांच्या मनात विनाकारण धाक आहे. जपानी वाक्याची चाल मराठीच्या जवळची. 'मी तोक्योला जातो' हे 'वाताशी वा तोक्यो नी इकिमास'. क्रियापद शेवटी, 'ला'च्या जागी 'नी', तोही नामाच्या मागे. त्यांच्या अक्षरांचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो, कारण त्यामागे बौद्ध भिक्षूंनी नेलेली आपली वर्णमाला आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी, सुरतच्या गाडीत गुजराती बोलणाऱ्या पोरीचा कान तयारच असतो. शाळेत अहिराणी बोलली म्हणून तिला रागावणारे शिक्षक तो कान बुजवत असतात, हे जाता जाता. अवघड आहे ती कांजी, म्हणजे चित्रलिपी. तिथे शॉर्टकट नाही. रोज थोडी, काही वर्षं.

रस्ता थोडक्यात सांगतो. जपान फाउंडेशनचे 'मिनातो'वरचे स्व-अध्ययनाचे वर्ग फुकट आहेत. तीन महिने ते करा. हिरागाना, काताकाना या लिप्यांवर हात बसला तरच पैसे खर्च करा. मग पुणं: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. सीयूईटी देऊन जेएनयूत जपानीचं बी.ए. ऑनर्स करता येतं. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-5 ते एन-1 अशा पाच पायऱ्या. एन-5 झाली की फोटो टाकायला ठीक, ग्रुप सांभाळायचा तर निदान एन-3. पर्यटनाची पदवी हवी तर ग्वाल्हेरचं आयआयटीटीएम आहे, त्याचं एक केंद्र गोव्यातही आहे. 'एअरपोर्ट आणि ट्रॅव्हल'चा सहा महिन्यांचा कोर्स आणि शंभर टक्के नोकरी असं सांगणाऱ्या फ्लेक्सखालून वाकून निघून जा. जपानमध्ये स्थानिक गाईडची सरकारी परीक्षा दहा परदेशी भाषांत होते, त्यात हिंदी नाही, मराठी नाही. 2018 पासून त्या परवान्याशिवायही पैसे घेऊन वाटाड्याचं काम करता येतं, पण त्या पदवीचं नाव लावता येत नाही. इथून ग्रुप घेऊन जाणारा टूर मॅनेजर हा वेगळा मामला. तो इथल्या कंपनीचा माणूस.

वडिलांचा खरा प्रश्न या सगळ्यानंतर बाहेर आला. पोरगी परक्या माणसांबरोबर पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहणार, मग स्थळं कशी येतील? मी सरळ सांगितलं: दादा, ही करिअरची अडचण नाही, तुमच्या पाव्हण्या-रावळ्यांची आहे. ती तुम्ही निस्तरा, पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मवर टाकू नका. फक्त बायकांच्या सहली मराठी कंपन्या वर्षानुवर्षं काढताहेत, आणि त्यांना बाई टूर मॅनेजर लागते. हेच काम मुलाने मागितलं असतं तर तुम्ही पगार विचारला असता. स्थळ नसतं विचारलं. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनीच सांगितला.

मग मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. जपान दाखवायची तयारी नरडाण्याहून करायची तर पहिला मुक्काम अजिंठा. जळगावपासून साठ किलोमीटरच्या आसपास. तिथली जतनाची आणि सोयींची बरीच कामं जपानच्या कर्जातून झाली, 1992 आणि 2003 अशा दोन टप्प्यांत. पण नातं त्याहून जुनं. नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करत आलेत. आराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार 1916 मध्ये टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात आला. त्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या आणि उतारवयात होर्युजीच्या चित्रांच्या प्रती करायच्या कामातही तो होता. ती मूळ चित्रं 26 जानेवारी 1949 च्या आगीत होरपळली. आपल्या पोरीने नाराला उभं राहून हे मराठीत सांगितलं, आणि अजिंठा मी लहानपणापासून पाहिलाय असं म्हणू शकली, तर पंधरा माणसं मोबाईल खिशात घालतील.

गाडीची घोषणा झाली तेव्हा मी तिला एक काम दिलं. घरातली आणि गल्लीतली आठ माणसं घे, त्यांत एक म्हातारं आणि एक लहान मूल हवंच. अजिंठा दाखवून त्याच दिवशी घरी आण आणि रात्री मला फोन कर. सोमवारी लेणी बंद असतात, हे मुद्दाम सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. मंगळवारी गेले होते. तारीख तिने आधीच तपासली होती. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढच्या बसमध्ये बसायचं म्हटल्यावर काका रुसले, त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. आजीला पायऱ्या झेपेनात, तर खाली सावलीत बसवून शेजारच्या वहिनीला सोबत ठेवलं. लहान्याची चप्पल तुटली. डबा तिने दहा जणांचा नेला होता, तो पुरला. परतीची गाडी चुकली नाही.

"आणि पद्मपाणीचं चित्र?" मी विचारलं.

"सर, पहिल्या लेण्यात सगळ्यांना आत पाठवलं न् मी दाराशी मोजत उभी राहिले. माझं बघायचंच राहिलं."

मागून वडिलांचा आवाज आला. ते विचारत होते, पुण्याला त्या रानडेच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती.