बुडी समुद्रातली, धोका घाटातला

प्रश्न : कॅरिबियनमधील बोनेअर बेटावर म्हणे किनाऱ्यावरूनच चालत प्रवाळांपर्यंत जाता येते. आपल्याकडे तशी सोय आहे काय? पहाटे निघून रात्री घरी परतता येईल काय?
— एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : बोनेअरच्या पश्चिम किनाऱ्यास पूर्वेच्या वाऱ्यांपासून आडोसा आहे आणि गाळ आणणारी मोठी नदी तेथे नाही, म्हणूनच तेथील पाणी निवळशंख, आणि रस्त्याकडेच्या नावे लिहिलेल्या पिवळ्या दगडांपासून प्रवाळ अगदी हाकेच्या अंतरावर. आपणांस निकटचे स्थळ मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतात प्रवाळ आहेत आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्यही जाहीर झाले. परंतु तेथे बहुधा होडीनेच जावे लागते, आणि कर्ली व गड या नद्यांच्या गाळामुळे बोनेअरची नितळता तेथे मिळत नाही. पावसाळ्यात तर जाऊच नये.

आता परतीविषयी, कारण खरी मेख तेथेच आहे. हवेची टाकी पाठीस लावून बुडी मारताना दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो व त्या दाबाने श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. तो सावकाश बाहेर पडण्यापूर्वीच आपण घाट चढून देशावर आलात, तर हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे होण्याचा संभव असतो. याच कारणास्तव विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याचा दंडक आहे. नवशिक्याच्या उथळ बुडीत भय अल्प, तरीही मालवणात एक मुक्काम करण्याची तजवीज ठेवावी. तेथील माशाचे कालवण पाहता ही शिक्षा कोणी मानू नये. वर येताना मात्र श्वास कदापि रोखू नये, आणि दम्याचा विकार असल्यास आधी वैद्यकीय दाखला घ्यावा.