घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस : मोफत की विकतचा?



दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालक सभेत अभ्यास, बस आणि गणवेश हे नेहमीचे विषय संपल्यावर सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांनी हात वर केला. "सर, जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो, पैसे भरून अँटीव्हायरस टाकलाच पाहिजे. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे, तो म्हणतो एक पैसा खर्च करू नका. ऐकायचं कुणाचं?" सभेत हशा पिकला. पण नंतर चहाच्या वेळी आणखी पाच-सहा पालकांनी आम्हाला तोच प्रश्न विचारला, म्हणून या अंकात संगणक विभागातर्फे त्याचे उत्तर देत आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्या घरच्या संगणकात विंडोज ११ आहे, ते वेळच्या वेळी अपडेट होते आणि आतली सर्व सॉफ्टवेअर अस्सल आहेत, त्या घरी विंडोजबरोबर येणारा मोफत डिफेंडर पुरतो. वाचलेले पैसे महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवण्यावर खर्च करावेत. असे का म्हणतो, हे समजण्यासाठी गेल्या वर्षीची एक हकिगत सांगायला हवी. विश्वस्त मंडळाला ती माहीत आहे. ज्यांच्या घरी घडली त्यांची संमती घेऊन, नाव न देता येथे लिहीत आहोत.

शाळेच्या स्मरणिकेचे काम आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर चालले होते. जुन्या शिक्षकांनी लिहून दिलेल्या आठवणी, माजी विद्यार्थ्यांचे पत्ते, स्नेहसंमेलनांचे स्कॅन केलेले फोटो, सारे त्या एका संगणकात. त्यावर विकतचा अँटीव्हायरस होता आणि त्याची मुदतही शिल्लक होती. कॉलेजात जाणाऱ्या त्यांच्या मुलाला फोटो सुधारण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर हवे होते. त्याने इंटरनेटवरून त्याचा 'क्रॅक' उतरवून घेतला. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती : आधी अँटीव्हायरस बंद करा. त्याने तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचे विचित्र शेपूट लागले होते आणि एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी होती. फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर पाठवा, ७२ तासांच्या आत पाठवलेत तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये काम होईल. खंडणी मागणाऱ्या या जातीला रॅन्समवेअर म्हणतात. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखली जाणारी त्याची टोळी २०१८ पासून मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरली आणि तिच्या चिठ्ठीत हेच आकडे असत. तिच्या जुन्या प्रकारांसाठी २०१९ मध्ये मोफत किल्ली निघाली होती, पण आपल्या फाइलींना ती लागली नाही. पैसे पाठवायचे नाहीत असे ठरले, आणि ते योग्यच झाले. पैसे घेऊन फाइली परत देण्याची हमी चोराकडून कोण घेणार?

फोटो वाचले, ते केवळ स्मरणिका समितीतल्या एका काकूंनी पंधरा दिवस आधी घरी बघायला म्हणून पेनड्राइव्हवर नेले होते म्हणून. पत्ते पुन्हा गोळा केले. आठवणी लिहिणाऱ्यांपैकी एका बाईंचे मधल्या काळात निधन झाले होते. त्यांचा लेख परत मिळाला नाही.

या घरी विकतचा अँटीव्हायरस होता, हे लक्षात घ्यावे. तो वाईट होता असेही नाही. पहारेकऱ्याला आपणच सुट्टी दिली, मग त्याचा पगार किती होता याला अर्थ उरत नाही.

आता अँटीव्हायरस करतो काय, ते विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. त्याच्याकडे माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते. पोलीस चौकीत सराईत चोरांचे फोटो लावतात, तसे. आलेली प्रत्येक फाइल तो या यादीशी ताडून पाहतो. पण रोज नवे चोर येतात, त्यांचे फोटो कुठून असणार? म्हणून तो वागणूकही पाहतो. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली भराभर बदलू लागला तर त्याला अडवतो. यादी ताजी नसेल तर निम्मा उपयोग गेला. म्हणून मुदत संपलेला विकतचा अँटीव्हायरस हा ताज्या मोफत अँटीव्हायरसपेक्षा वाईट. आपल्यातल्या बऱ्याच घरांत संगणकाबरोबर तीन महिन्यांसाठी आलेला, केव्हाच संपलेला अँटीव्हायरस तसाच बसून आहे, तो आधी काढून टाकावा. काही वेळा तो स्वतः काम करत नाही आणि डिफेंडरलाही करू देत नाही.

दुकानदार खोटे बोलतो असे आम्ही म्हणणार नाही. त्याचा सल्ला जुना आहे, इतकेच. पेनड्राइव्ह लावला की आपोआप व्हायरस शिरत असे, तो काळ आम्ही शाळेच्या संगणक कक्षात पाहिला आहे. मुलांचे प्रकल्प शॉर्टकट होऊन जात आणि आम्ही तास सोडून फाइली शोधत बसत असू. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टामध्ये पेनड्राइव्ह आपोआप सुरू होणे मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये बंद केले. त्यांचा पहिला मोफत अँटीव्हायरस 'सिक्युरिटी इसेन्शिअल्स' २००९ मध्ये आला, पण २०१२ च्या अखेरीस जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या तपासणी संस्थेने त्याला प्रमाणपत्र नाकारले. तेव्हा विकतचा घ्या हा सल्ला बरोबर होता. २०१२ मध्येच विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजच्या आतच येऊ लागला आणि पुढच्या वर्षांत सुधारत गेला. त्याच संस्थेच्या चाचण्यांत अलीकडच्या वर्षांत त्याला संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण वारंवार मिळाले आहेत. गुणपत्रिका बदलली, दुकानातला सल्ला तोच राहिला.

विकतच्या अँटीव्हायरसविषयी बोलताना एक गोष्ट मुलांना सांगावीशी वाटते. भारतात घरोघरी पोहोचलेला क्विक हील हा पुण्यातल्या दोन मराठी भावांचा. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, धाकटे संजय संगणक शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतला व्हायरस काढता काढता संजय यांनी १९९० च्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. २०१६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात गेली. अभिमान जरूर वाटावा. खरेदी मात्र गरज पाहून करावी.

गरज कुणाला? घरच्या संगणकावरच दुकानाचे किंवा कारखान्याचे हिशेब असतील, अडचण आली की फोनवर बोलायला माणूस हवा असेल, किंवा लहान मुलांच्या वापरावर देखरेख ठेवण्याची सोय एकाच ठिकाणी हवी असेल, तर पैसे भरणे चुकीचे नाही. मात्र घेताना पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षी किती पडणार आणि पैसे आपोआप कापले जाणार का, हे आधी विचारावे. आणि एकावर एक असे दोन अँटीव्हायरस कधी घालू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रडतखडत चालतो.

डिफेंडर सोडून इतर कंपन्यांचे मोफत अँटीव्हायरसही मिळतात. ते घेण्यापूर्वी ही कंपनी जगते कशावर, हा प्रश्न विचारावा. बहुतेक कंपन्या मोफत देऊन नंतर विकतचा घ्या म्हणून मागे लागतात, त्यात गैर नाही. पण अव्हास्ट या जगप्रसिद्ध मोफत अँटीव्हायरसची उपकंपनी वापरणाऱ्यांची इंटरनेटवरची भटकंती विकत होती, हे २०२० च्या जानेवारीत बाहेर आले. ती उपकंपनी लगेच बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. घराची राखण करणाराच घरातल्या गोष्टी बाहेर विकत होता.

जुन्या संगणकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आम्हाला अधिक काळजीचा वाटतो. विंडोज ७ ची दुरुस्ती २०२० च्या जानेवारीत थांबली, विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. भिंतीला भोक पडले असेल तर पहारेकरी महाग ठेवून भागत नाही. २०१७ च्या १२ मे रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि १५० च्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक बंद पडले. ते भोक बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. मधे ५९ दिवस होते! म्हणून ज्या संगणकात विंडोज ११ बसतच नाही, त्याला अँटीव्हायरस विकत घेण्याऐवजी त्यात उबुंटूसारखे मोफत लिनक्स घालावे. मुलांच्या टंकलेखनाला आणि अभ्यासाला ते चालते.

आजी-आजोबांसाठी वेगळे लिहितो. "सर, आपका एंटीवायरस एक्सपायर हो गया है" असा फोन आला, किंवा पडद्यावर लाल पाटी येऊन भोंगा वाजू लागला, तर तो व्हायरस नसून माणूसच फसवत असतो. फोन ठेवावा, ब्राउझर बंद करावा, कुणाच्याही सांगण्यावरून संगणक दूरून चालवण्याचे ॲप घेऊ नये. आपण स्वतः दार उघडले तर कुठलाच अँटीव्हायरस, मोफत वा विकतचा, मधे पडत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लाजेने दोन दिवस गप्प बसल्यास रक्कम अडवणे कठीण होते.

दुसरी प्रत कशी ठेवावी? बाहेरची हार्ड डिस्क किंवा चांगला पेनड्राइव्ह घ्यावा, महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रे त्यात उतरवावीत आणि मग तो काढून कपाटात ठेवावा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. मुलांसाठी विंडोजमध्ये वेगळे साधे खाते उघडावे, म्हणजे पासवर्डशिवाय त्यांना नवीन सॉफ्टवेअर सहसा टाकता येत नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि यालाही पैसे पडत नाहीत.

गेल्या महिन्यात नववीच्या मुलांनी कक्षात एक प्रयोग केला. अँटीव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. ती एका डिफेंडरच्या आणि एका विकतच्या अँटीव्हायरसच्या संगणकावर ठेवली. दोघांनीही ती पापणी लवते न लवते तोच पकडली. तिसऱ्या संगणकाने काहीच केले नाही. त्याचा अँटीव्हायरस संपून गेला होता आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्या दिवशी वर्गात हसू आमचे झाले.

हाच प्रयोग पालकांना पाहायचा असल्यास येत्या दोन शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष उघडा राहील. येताना घरच्या संगणकातल्या 'विंडोज सिक्युरिटी' या पानाचा फोटो मोबाइलवर काढून आणावा. पेनड्राइव्ह आणू नये.