लसींच्या शीतपेटीतील बर्फ

प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींची शीतपेटी उघडली की दमट हवा आत शिरते व तिच्यातील बाष्प भिंतींवर गोठते. झाकणाचे रबर झिजले असल्यास हा थर झपाट्याने वाढतो. तो 5 मिलिमीटरहून जाड झाल्यास वितळविणे आवश्यक ठरते. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञालाही त्याशिवाय आतील दोष दिसत नाही.

प्रथम लसी आइसपॅकसह कोल्ड बॉक्समध्ये हलवाव्यात. आइसपॅक हलविताच आत पाण्याचा आवाज येईल इतके ते वितळलेले असावेत, अन्यथा डीपीटी व हिपॅटायटिस-बीच्या लसी गोठून निकामी होतात. हे पथ्य अनेकदा घाईत राहून जाते. त्यानंतर वीजप्रवाह बंद करून झाकण उघडे ठेवावे. वेळ थोडा असल्यास आत कोमट पाण्याचे भांडे ठेवावे, सुटलेला बर्फ हाताने काढावा व पाणी फडक्याने टिपावे. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर मात्र कदापि वापरू नये. भिंतीलगतच्या नळीस एक छिद्र पडले तरी वायू निसटतो आणि साध्या कामाची मोठी दुरुस्ती होऊन बसते.

पेटी पुन्हा सुरू केल्यावर तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये स्थिरावल्याखेरीज लसी परत ठेवू नयेत.