दोन अंकांची संख्यापद्धती

इलेक्ट्रॉनिक उपकरणे हौसेने जुळविणाऱ्यास १०११, ०११० अशा शून्य-एकांच्या ओळी प्रारंभीच भेटतात. त्या गूढ वाटल्या, तरी त्यांमागील तत्त्व आपण बालपणापासून वापरीत आलो आहोत.

३४७ ही संख्या घेऊ. उजवीकडून पहिले घर एककाचे, दुसरे दशकाचे, तिसरे शतकाचे. प्रत्येक घराची किंमत उजवीकडील घराच्या दसपट असते. द्विमान पद्धतीत ही किंमत दुप्पट होत जाते : १, २, ४, ८, १६. शिवाय प्रत्येक घरात ० किंवा १ हाच अंक येऊ शकतो. म्हणून द्विमान ११०१ म्हणजे ८ + ४ + ० + १, अर्थात आपले तेरा होत.

उलट, तेराचे द्विमान रूप काढावयाचे असल्यास २ ने भागीत जावे. १३ ला भागल्यास भागाकार ६, बाकी १. ६ ला भागल्यास ३, बाकी ०. ३ ला भागल्यास १, बाकी १. १ ला भागल्यास ०, बाकी १. या बाक्या शेवटापासून प्रारंभाकडे लिहिल्या की ११०१ मिळते.

परंतु सोयीचे दहा अंक सोडून दोनच का घ्यावयाचे? समजा, एकाच तारेवर दहाही अंक दाखवावयाचे असून ० साठी ० व्होल्ट, १ साठी अर्धा व्होल्ट, याप्रमाणे ९ साठी साडेचार व्होल्ट दाब ठरविला. आता बॅटरी थोडी उतरून दाब अर्ध्या व्होल्टने घटला, तर ७ च्या जागी ६ वाचला जाईल आणि चूक झाल्याचे कळणारही नाही. दोनच अंक असले, म्हणजे त्यांच्यामध्ये रुंद अंतर ठेवता येते. ५ व्होल्टांवर चालणाऱ्या टीटीएल जातीच्या मंडलांत ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब ० व २ व्होल्टपासून पुढचा दाब १ मानला जातो. देणारे मंडल मात्र ० साठी ०.४ हून अधिक आणि १ साठी २.४ हून कमी दाब देत नाही. त्यामुळे वाटेत ०.४ व्होल्टचा फरक पडला, तरी अंक अचूक पोहोचतो. घरे अधिक लागतात, हे खरे. पण त्या मोलाने विश्वासार्हता लाभते.

लायब्निट्झ यांनी या पद्धतीवरील निबंध १७०३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा विद्युत् मंडले नव्हती. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मधील आपल्या प्रबंधात खटक्यांच्या जुळणीने तर्क व गणित करता येते, हे दाखविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातील प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता.

आता स्वतः प्रयोग करावा. ९ व्होल्टची बॅटरी, चार खटके व चार एलईडी दिवे घ्यावेत. प्रत्येक खटका, ४७० ओहमचा रोधक आणि दिवा एकापुढे एक जोडून अशा चार शाखा बॅटरीस जोडाव्यात. दिव्याचा लांब पाय धन बाजूस असावा. रोधक मुळीच गाळू नये, नाहीतर दिवा जळेल. डावीकडून दिव्यांखाली ८, ४, २, १ असे लिहावे. मग ६, ९ व १५ दाखवावे.

शेवटी १६ दाखवू पाहावे. चारही दिवे लागले तरी बेरीज १५ च होते. ९९९९ मध्ये १ मिळविल्यावर जसे पाचवे घर लागते, तसाच येथे पाचवा दिवा लागेल. तो आपण आपल्या हाताने जोडला, की द्विमान पद्धती समजलीच.