जुन्या टेम्पोला ऑइल कोणते?

फळे, फर्निचर किंवा भंगाराचा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे १५-२० वर्षे जुना डिझेल टेम्पो असतो. तो बंद पडला की धंदाही बंद. तरीही ऑइल घेताना ‘मिळेल ते’ नाहीतर ‘सर्वांत महाग ते’ असाच हिशेब होतो. दोन्ही चूक.

डब्यावरच्या दोन गोष्टी वाचा. पहिली, १५डब्ल्यू-४० सारखा आकडा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा इंजिन थंड असताना ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा, १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते ते. आपल्याकडील हवेत जुन्या डिझेल इंजिनला बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० पुरते. तरी गाडीचे पुस्तक असेल तर तेच प्रमाण मानावे. दुसरी गोष्ट दर्जाची अक्षरे : ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, ‘सी’ने डिझेलसाठी. सीआय-४ हा दर्जा २००२ साली आला, सीके-४ २०१६ साली. जुन्या इंजिनला सीएच-४ किंवा सीआय-४ भरपूर झाले. त्यापुढे जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. (जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरची गोष्टच निराळी. तिच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलच मिसळावे.)

निळा धूर येऊ लागला की मिस्त्री जाड ऑइल सुचवतात. धूर काही दिवस कमी होतो, हे खरे. पण झिजलेल्या रिंगा आणि बोअर तसेच राहतात. शिवाय सकाळी गाडी सुरू करताना जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात. त्यापेक्षा महिन्याला किती ऑइल वर घालावे लागते ते वहीत लिहीत जा. आकडा वाढतच राहिला, तर इंजिन उघडण्यासाठी पैसे बाजूला काढायला लागा.

डिझेल इंजिनचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. घाबरू नका, काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. दुधट दिसले मात्र पाणी शिरले असे समजा व गाडी जागची हलवू नका.

वर्षानुवर्षे हलक्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात चांगले ऑइल पडले की साचलेला गाळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून पहिल्या खेपेस निम्म्या किलोमीटरवरच ऑइल व फिल्टर दोन्ही बदला.

सुटे ऑइल घेऊ नका. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. नाहीतर तोच डबा भेसळीचे ऑइल भरून पुन्हा तुमच्याच हाती यायचा.